गोलाच्या वरची ओळ

चैत्र लागला की आमच्याकडे कडुनिंब मोहरतो. त्या वासाला नीट नाव देता येत नाही. आधी गोडसर वाटतो, मग घशात कडवट उतरतो. घरासमोर असं एक मोठं झाड आहे आणि त्याच्या सावलीला झेरॉक्सचं दुकान. परीक्षेच्या या दिवसांत तिथे सकाळपासून पोरापोरींची रांग असते. उत्पन्नाचा दाखला, रहिवाशाचा दाखला, मागच्या वर्षीची गुणपत्रिका, फीमाफीचा अर्ज. कागदांवर मोहोर गळत राहतो. एखादी पोरगी फुंकर मारून तो उडवते, कागद पुन्हा छातीशी धरते आणि पुढे सरकते. मी खिडकी लावून घेतो. सूनबाईला वाटतं, ऊन लागतं म्हणून लावली.

मागच्या महिन्यात आमच्या जुन्या बोर्डिंगची दोन माणसं आली होती. दोघंही माझ्या नातवाच्या वयाची. बोर्डिंगची स्मरणिका निघायची आहे. "सर, पहिला लेख तुमचा. वजीफ्याचा लढा तुम्हीच तर उभा केला," त्यातला एक म्हणाला. वजीफा म्हणजे तेव्हाची सरकारी शिष्यवृत्ती. बोर्डिंगच्या दिवाणखान्यात तशी पाटीही आहे. माझं नाव, आणि खाली 'निजाम राजवटीत विद्यार्थ्यांना वजीफा मिळवून देणारे'. दर वर्षी त्या पाटीखाली मला खुर्चीवर बसवतात, शाल घालतात. मी हात जोडतो. दोन पानं आणि एक फोटो द्या, असं ती मुलं म्हणाली. मी लिहितो म्हणालो. फोटो दिला नाही.

वजीफा मी मिळवून दिला नाही. ज्याने मिळवला त्याचं नाव सिद्राम. आणि त्याचं शिक्षण ज्याच्यामुळे सुटलं, तो मी.

*

तेव्हाच्या नांदेडच्या शाळेची आज कुणाला कल्पना येणार नाही. घरी मराठी आणि वर्गात उर्दू. इतिहास उर्दूतून, भूगोल उर्दूतून, गणितसुद्धा उर्दूतून. फळ्यावर महिना खुर्दाद लिहिलेला असे आणि त्याच दुपारी गावाकडे आई घरात चैत्रगौरीचं हळदीकुंकू करत असे. एका दिवसाला दोन नावं असायची आणि त्याचं आम्हांला काही वाटायचं नाही. उन्हाळ्यात दौतीतली शाई वाळून तिची खपली व्हायची. पाणी घालून घोटली की पुन्हा काळी व्हायची, पण पहिल्यासारखी नाही. गोदावरीचं पाणी आत सरकलं की वाळूत टरबुजांच्या वाड्या लागायच्या. परीक्षेचा अभ्यास करायला आम्ही तिथल्या खोपटांच्या सावलीत जाऊन बसायचो.

सिद्राम जळकोटचा. वडील लहानपणीच गेले. आईला तो अव्वा म्हणायचा. त्यांच्या घरात थोडी कानडी, थोडी मराठी असं चालायचं. गळ्यात लिंग, डोक्यावर तेल न लावल्याने उभे राहिलेले केस, आणि बोलायला लागला की दोन्ही हात हलायचे. लातूरच्या बाजूच्या मामाने त्याला आमच्या बोर्डिंगात ठेवलं होतं आणि आता मामाने कळवलं होतं की यंदाचं वर्ष शेवटचं. पुढच्या वर्षी मॅट्रिकचा वर्ग. सरकारचा वजीफा मिळाला तर सिद्राम मॅट्रिकला बसणार. न मिळाला तर मामाच्या आडतीवर पोती मोजायला जाणार.

"पोती मोजायला माझी हरकत न्हाई रे दत्ता," तो म्हणायचा. "पर एकदा मॅट्रिक होऊन मोजतो की."

वजीफे होते. नव्हते असं नाही. पण ते हैदराबाद शहरातल्या मुलांना, ओळखीपाळखीच्या मुलांना मिळायचे. आमच्यासारख्या गावच्या बोर्डिंगातल्या पोरांपर्यंत ते कधी पोचलेच नाहीत. सिद्रामच्या डोक्यात आलं की अर्जी द्यायची. ती हेडमास्तरांना नाही, तहसीलदारांना नाही, थेट हैदराबादच्या कायदेकौन्सिलात. तिथे आमच्या भागातले दोनचार सभासद होते, बहुतेक सरकारने नेमलेले, एखादा वकील मंडळींनी निवडून पाठवलेला. त्यांना भेटायचं आणि कौन्सिलात आमचा प्रश्न विचारा असं सांगायचं. महायुद्धाचे दिवस. पोलीस अ‍ॅक्शनच्या तीनचार वर्षं आधीची ही गोष्ट. त्या काळात चार पोरांनी एका झाडाखाली उभं राहिलं तरी शिपाई नाव विचारून जायचा. अर्जीवर सही करायची म्हणजे घाम फुटायचा.

मला तर जास्तच. माझे वडील गावाकडच्या तहसील कचेरीत अहलकार होते, म्हणजे साधे कारकून. त्यांनी मला बजावलं होतं, "कुठल्या कागदावर तुझं नाव वर दिसलं, तर माझी चाकरी गेली समज. घरात सात तोंडं आहेत."

सगळ्यांनाच अशी भीती होती. पहिली सही कोण करणार? पहिला तोच म्होरक्या. त्याच्याच घरी शिपाई जाणार. दोन दिवस कागद कोराच राहिला.

तिसऱ्या दिवशी सिद्राम बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातून एक पितळी ताटली घेऊन आला.

"लातूरची गोलाई बघितलीस का तू?" त्याने मला विचारलं. लहानपणी मामाबरोबर तो तिथल्या बाजारात जायचा. "मधी गोल, आन् त्याला सोळा रस्ते येऊन मिळत्यात. सांग, पैला रस्ता कोणता?"

"मला काय माहीत?"

"कुणालाच न्हाई माहीत. म्हणून तर!"

त्याने ताटली कागदाच्या मधोमध उपडी ठेवली आणि पेन्सिल फिरवली. गोलाच्या आत मी माझ्या अक्षरात अर्जीचा मजकूर लिहिला. माझं उर्दू अक्षर वर्गात नावाजलेलं होतं. खुद्द हेडमास्तर ते इतरांना दाखवायचे. मग एकेकाने कागद फिरवत गोलाच्या बाहेर सही केली, सूर्याच्या किरणांसारखी. वर कोण, खाली कोण, काही नाही. तिसेक सह्या झाल्या. पोरं हसत होती. चंद्राला खळं पडल्यासारखं दिसतंय, कुणीतरी म्हणालं. मीही सही केली. त्या गोलात मला सुरक्षित वाटलं. इतक्या जणांत मिसळून, कुणाच्याही पुढे न उभं राहता धाडस करता येतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आणि ते मला फार आवडलं.

*

पहिले सभासद नांदेडजवळचे एक जागीरदार. त्यांच्या देवडीत, म्हणजे वाड्यात, वाळ्याचे पडदे होते, त्यांवर पाणी शिंपडलेलं. आत शिरलो आणि बाहेरचं ऊन एकदम दुसऱ्या गावचं वाटायला लागलं. जागीरदारसाहेबांनी अर्जी हातात घेतली, सरळ धरली, मग आडवी धरली, मग पूर्ण फिरवली.

"अरे मियाँ, ये दरख्वास्त है या रोटी?"

बाजूला बसलेली मंडळी खो खो हसली. माझे कान तापले. सिद्राम मात्र अदबीने वाकला.

"जी सरकार, रोटीकीच बात है."

ते पुन्हा हसले, पण मग हसू हळूहळू ओसरलं आणि त्यांनी मजकूर वाचला. दोनदा वाचला. आमच्यासाठी शरबत मागवलं. "सवाल मैं नहीं उठाऊँगा," ते म्हणाले, "मगर कोई उठाए तो हाथ ज़रूर ऊपर करूँगा." आणि त्यांनीच आम्हांला लातूरचं नाव सांगितलं. तिथले एक वकीलसाहेब कौन्सिलात आहेत. कायद्याचे जाणकार. त्यांच्याकडे जा.

बाहेर आल्यावर सिद्राम म्हणाला, "शरबत लई थंड होतं रे. अव्वाला कधी पाजलं पायजे असलं."

*

लातूरला आम्ही दोघं गेलो. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. मागे मोठं पिंप आणि त्यात निखारे. चढ आला की ती धापा टाकायची आणि उतारूंना खाली उतरवायची. अहमदपूरच्या अलीकडे आम्ही तिला ढकलत चढावर नेली. दोन्ही बाजूंनी पळस पेटलेला होता. पान एक नाही, नुसतं लाल. ज्वारी निघून गेलेली, काळ्या रानात धसकटं उभी.

"तिकीट आपून काढायचं आन् मोटारीलाबी आपूनच लातूर दाखवायचं," सिद्राम धापा टाकत म्हणाला. सगळे उतारू हसले. कंडक्टरसुद्धा हसला. त्या चढावर ढकलताना माझा खांदा त्याच्या खांद्याला लागलेला होता, एवढं अजून लक्षात आहे. त्याच्या अंगाला निखाऱ्यांच्या धुराचा वास येत होता.

वकीलसाहेब सज्जन माणूस. मला त्यांच्याविषयी वाईट लिहायचं नाही. शेरवानी, डोक्याला पागोटं, नाकावर घसरलेला चष्मा. ते कोर्टात निघाले होते. "दुपारी या. चारला मी हैदराबादला निघणार आहे, त्याच्या आत या," म्हणाले. आम्ही ओसरीवर बसलो. दोन वाजले तरी त्यांचा पत्ता नव्हता. सिद्रामची मावशी गोलाईच्या पलीकडे राहायची. "मी भाकरी घेऊन येतो," तो म्हणाला. "तू बस. ते आले तर थांबव. चारच्या आत येतोच."

तो गेला आणि थोड्याच वेळात वकीलसाहेब आले.

त्यांनी अर्जी वाचली. गोल पाहून हसले नाहीत. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "डोकं छान चालवलंत. मजकूरही चांगला आहे. मी प्रश्न विचारीन. पण बाळ, असा कागद तिथे दाखल होत नाही. नियम आहे. पहिला अर्जदार कोण, त्याचं नाव, बापाचं नाव, गाव, एवढं वर लागतं. बाकीचे मग 'वगैरे' म्हणून चालतात." त्यांनी बोरू आणि दौत माझ्यापुढे सरकवली. "अक्षर तुझंच ना? मग तुझंच नाव लिही."

गोलाच्या वर दोन बोटं कोरी जागा होती.

मी जे त्या वेळी मनात आणलं ते आज शब्दशः लिहितो, कारण त्यासाठीच हा लेख आहे. माझे वडील कचेरीत आहेत. घरात सात तोंडं. सिद्रामला बापच नाही. त्याच्या घरी कुणाची नोकरी नाही. शिपाई गेला तरी कुणाचं काय जाणार? त्याच्याकडे गमवायला काय आहे?

"माझं नको," मी म्हणालो. "अर्जी सिद्रामची आहे. सगळी कल्पना त्याची. मान त्याचा आहे."

वकीलसाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "शाबास. दोस्ताला पुढे करतोस. असं फार थोडे करतात."

घड्याळात अजून तीन वाजायचे होते. तो यायचा होता. मी म्हणू शकत होतो की तो येऊ दे. वकीलसाहेब थांबले असते, ते कपडे भरत होते. पण तो आला असता तर मला त्याच्याकडे बघत लिहावं लागलं असतं. म्हणून मी लगेच लिहिलं. सिद्राम वल्द गुरप्पा, साकिन जळकोट, व दीगर तलबा, म्हणजे बाकीचे विद्यार्थी. अक्षर नेहमीपेक्षा जरा जास्तच सुबक आलं. ते मला अजून दिसतं.

सिद्राम चारच्या आधी आला. फडक्यात चार भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. वकीलसाहेबांनी त्याच्याही पाठीवर हात ठेवला, "प्रश्न विचारतो" म्हणाले आणि टांग्यात बसले. नावाचं त्यांनी काही काढलं नाही. मी सांगितलं असेल असं त्यांनी धरलं असावं.

"कागद हाय तसाच दिला न्हवं?" सिद्रामने विचारलं.

"हाव," मी म्हणालो.

मोटार अड्ड्यावर लिंबाच्या पारावर बसून आम्ही भाकरी खाल्ली. त्याने मला अडीच दिल्या आणि स्वतः दीड खाल्ली. तू लई बोललास आज, तुला भूक लागली असंल, असं काहीतरी तो म्हणाला. मी त्या सगळ्या खाल्ल्या.

*

पुढचे दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. होळीची राख. वाळूतली पहिली टरबुजं. कडुनिंबाचा मोहोर शाळेच्या आवारात इतका पडला होता की पायाखाली तो मऊ लागायचा. कौन्सिलात प्रश्न विचारला गेल्याची बातमी आली आणि बोर्डिंगातल्या पोरांनी सिद्रामला खांद्यावर घेतलं. मीही त्यात होतो. परीक्षेला बारातेरा दिवस राहिले होते.

मग एका सकाळी हेडमास्तरांनी मला वर्गाचा मॉनिटर म्हणून बोलावलं आणि सिद्रामला घेऊन ये म्हणाले. ते वयस्कर गृहस्थ होते, बारीक आवाजाचे. आमच्यावर त्यांचा जीव होता. त्यांच्या टेबलावर आमची अर्जी होती. ती हैदराबादहून परत आली होती, सोबत शिक्षण खात्याचं पत्र. पहिल्या अर्जदाराची चालचलणूक कशी आहे, कुणाच्या चिथावणीने त्याने हे केलं, चौकशी करून कळवा.

सिद्राम म्हणाला, "साब, इसमें पहला कोई नहीं है. गोल है."

हेडमास्तरांनी कागद त्याच्याकडे फिरवला. वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

मी दारातच उभा होतो. जा असं कुणी म्हणालं नव्हतं, आणि माझ्याच्याने जाववलं नाही. सिद्रामने ती ओळ वाचली. मग तो वाचत नव्हता, नुसता बघत होता. पाच वर्षं तो माझ्या शेजारी बसला होता. माझ्या वह्यांवरून त्याने गणितं उतरवून घेतली होती. माझा उर्दू 'सीन' कसा वळतो, 'दाल'ला मी कुठे थांबतो, सगळं त्याला ठाऊक होतं.

"बेटा," हेडमास्तर हळूच म्हणाले, "ये तुम्हारा ख़त नहीं है. किसने लिखा?"

ते अक्षर कुणाचं, हे त्यांनाही ठाऊक होतं. तेच तर माझं अक्षर वर्गाला दाखवायचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, असं मला आज वाटतं. ते जागा देत होते. दोघांनाही. मी एक पाऊल पुढे टाकायचं होतं, एवढंच.

"मेराच है, साब," सिद्राम म्हणाला.

मी पाऊल टाकलं नाही.

मग मुचलका पुढे आला. यापुढे कोणत्याही अर्जीत, सभेत भाग घेणार नाही, झाल्या गोष्टीची माफी मागतो, असं लिहून सही करायची. सही केली असती तर परीक्षेला बसू दिलं असतं. हेडमास्तरांनी त्याला खूप समजावलं. सिद्रामने एवढंच विचारलं की वजीफा द्या म्हणून अर्जी दिली यात माफी कशाची मागायची? त्याने मुचलका सही न करता परत दिला. दोन दिवसांनी पटावरून नाव कमी झालं आणि बोर्डिंगच्या मंडळींना त्याला ठेवू नका असा निरोप गेला.

तो निघाला तेव्हा मी त्याची वळकटी धरून मोटार अड्ड्यापर्यंत गेलो. वाटेत तो अव्वाबद्दल बोलला, मामा काय म्हणेल त्याबद्दल बोलला. मोटारीत चढताना थांबला.

"तुझं अक्षर लई चांगलं हाय रे दत्ता," तो म्हणाला. "सायब लोकांनीबी तारीफ केली असंल."

एवढंच. त्यात टोमणा होता की नाही, हे मी आजवर शेकडो वेळा घोळवून पाहिलं आहे. त्याचा चेहरा आठवतो. तो हसत नव्हता आणि रागावलेलाही नव्हता.

परीक्षेत माझ्या शेजारची जागा रिकामी होती. वर्गाची खिडकी उघडी होती आणि मोहोर आत येऊन त्या रिकाम्या बाकावर पडत होता. पर्यवेक्षक मधून मधून तो झटकून जायचे.

*

पुढच्या वर्षी वजीफे आले. बोर्डिंगातल्या काही पोरांना मिळाले, चालचलणूक चांगली असलेल्यांना. त्यांत मी होतो. मॅट्रिक झालो, हैदराबादला शिकलो, मास्तर झालो, पुढे शिक्षण खात्यात साहेब झालो. बोर्डिंगातली त्या वेळची बरीच पोरं पुढे इकडेतिकडे पांगली, कुणी आंदोलनात गेली, कुणी मरून गेली. वजीफ्याची गोष्ट सांगायला मीच उरलो. पहिल्या समारंभात मी 'आम्ही लातूरला गेलो होतो' असं म्हणालो. सिद्रामचं नावही घेतलं, एवढं खरं. पण छापून आलं त्यात मी एकटाच गेलो होतो. पुढच्या वर्षी मी दुरुस्त केलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मला दुरुस्त करायचं सुचलंही नाही. असं खोटं बोलायला फार कष्ट पडत नाहीत. नुसतं खुर्चीवर बसून राहिलं की पुरतं.

सिद्राम मला एकदाच भेटला. शाळा तपासायला म्हणून मी जळकोटला गेलो होतो, जीपमधून. बाजारात त्याचं छोटं दुकान होतं, वह्या, पेन्सिली, शेंगदाणे, पेंडखजूर. केस पांढरे झालेले, पण तसेच उभे. मी उतरलो तसा तो दुकानातून खाली आला आणि हात जोडले.

"या साहेब."

साहेब. मी त्याला काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने आतून एक कागद आणला. त्याच्या पोरीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म. राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागत होती आणि ती मिळत नव्हती म्हणून पोरगी चार दिवस रडत होती. दहाबारा वर्षांची असेल, दाराआडून बघत होती. मी सही केली. त्याने कागद वाळायला उन्हात धरला. "बरं झालं तुम्ही आलात," म्हणाला. चहा दिला. मी मनाशी म्हटलं, पोरगी आत गेली की बोलू. पोरगी आत गेली. मग शाळेचे मुख्याध्यापक मला न्यायला आले आणि मी उठलो. खरं तर मला बरंच वाटलं ते आले म्हणून.

ही स्मरणिका काढणाऱ्या मुलांना माझी विनंती आहे. हा लेख छापा, जसा आहे तसा. पाटी उतरवा. दुसरं नाव लिहा असं मी म्हणणार नाही, कारण त्याच्या माणसांना तरी कुठे विचारलंय कुणी. आणि यंदाच्या समारंभाला मी येणार नाही.

*

इथवर लिहून झाल्यावर मागच्या रविवारी मी कागद घेऊन जळकोटला गेलो. सिद्रामला जाऊन सहा वर्षं झाली. त्याची पोरगी आता तिथल्या शाळेत शिकवते. कमलबाई म्हणतात तिला. मी कोण ते सांगावं लागलं नाही. ओसरीवर पंखा लावला, पाणी दिलं, आणि चष्मा घालून तिने सगळं वाचलं. मास्तरीण वाचते तसं, ओळीखाली बोट फिरवत. मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिलो.

वाचून झाल्यावर तिने पानं जुळवली.

"हे ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "आप्पांनी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"की अक्षर तुमचं होतं."

"फार राग असेल त्यांना माझा."

तिने पानं माझ्यापुढे ठेवली. "राग म्हणावा असा न्हाई, काका. कधी विषय निघालाच तर एकच म्हणायचे. 'दत्ता मला म्हणला असता, सिद्या, वर एक नाव टाकावं लागतंय, माझं टाकलं तर बाबांची चाकरी जाईल, तर मी म्हणलो असतो टाक माझं. कुणाचं तरी टाकावंच लागणार होतं.' एवढंच म्हणायचे. मग दुकानात जाऊन बसायचे."

ती चहा टाकायला आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत होता. साठ वर्षं मी समजत आलो होतो की सिद्रामची मॅट्रिक मी घेतली. ती तो मला आपल्या हाताने देणार होता. मी फक्त चार वाजेपर्यंत थांबायचं होतं.